नांदूरघाटच्या काट्याची पावती

गेल्या हिवाळ्यात एका सोमवारी, दिवेलागणीच्या सुमारास, चौसाळ्याच्या अलीकडे महामार्ग ओलांडणाऱ्या एका मेंढपाळाला पांढऱ्या पिकअपने धडक दिली. चार मेंढ्या जागेवर मेल्या. मेंढपाळाला बीडच्या दवाखान्यात हलवलं तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. गाडी थांबली नाही. मंगळवारी सकाळी दोन पोलीस आमच्या दुकानासमोर उतरले आणि माझ्या धाकट्या दिराला त्यांनी विचारलं, काल सांजच्याला तुझी गाडी कुठं होती.

आमची पिकअप पांढरी आहे. तिच्या हौद्याला उंच लोखंडी जाळी लावलेली आहे, कारण आम्ही चारा वाहतो. रस्त्याकडेच्या टपरीवाल्याने पोलिसांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: गाडी पांढरी होती आणि मागे उंच जाळी होती. नंबर त्याला दिसला नव्हता.

दोघांपैकी वयाने मोठे हवालदार गाडीच्या पुढे उकिडवे बसले. डाव्या बाजूचा बंपर आत गेला होता. त्या बाजूच्या दिव्याची काच फुटलेली होती.

"हे कवाचं?"

"आठ दिस झाले, साहेब. लिंबागणेशला मका भरताना ट्रॅक्टरची ट्रॉली मागं आली."

"आठ दिस काच बसवली न्हाई?"

"सवड कुठं हाय. सध्या सीझन हाय."

हवालदारांनी बंपरचे फोटो काढले. दीर म्हणाला, "साहेब, त्या टायमाला मी नांदूरघाटात होतो. माल खाली केला, वजनकाट्यावर गेलतो. काट्याची पावती हाय माझ्याकडं. तिच्यावर गाडी नंबर हाय, टाइम हाय."

"मग घेऊन ये. दुपारी ठाण्यात ये. गाडी, कागदं, पावती, समदं घेऊन."

एवढं बोलून ते गेले. हवालदार दमात घेऊन बोलले नव्हते. जाताना त्यांनी दुकानातल्या माठातलं पाणी मागून घेतलं.

आमचा धंदा मुरघासाचा आहे. हिरवा मका कणसासकट बारीक कापून, हवा लागू न देता दाबून ठेवायचा. पुढे उन्हाळ्यापर्यंत तो गाई-म्हशींना चालतो. मका आसपासच्या गावांतून येतो आणि मुरघास पिकअपने गोठ्यांवर पोचवला जातो. घरात तेव्हा तीनच माणसं होती. सासरे, दीर आणि मी. माझे पती पुण्यात नोकरीला असतात. सासूबाई वारल्या त्याला काही वर्षं झाली.

हिशोब माझ्याकडे. त्याआधी मी बीडच्या एका दैनिकात डेस्कवर काम करत होते. तालुक्यांतून येणारी बातमी वेळ, ठिकाण आणि सांगणारा माणूस या तीन गोष्टींशिवाय असली तर ती परत पाठवायची, हे माझं रोजचं काम होतं. धंद्याचा हिशोब हाती आल्यावर मी तीच पद्धत पावत्यांना लावली. डिझेल, प्लास्टिकच्या पिशव्या, कुट्टी मशीनचं पातं, मजुरांचा नाश्ता, जे काही विकत घेतलं त्याची पावती मिळाल्या जागी फोनमध्ये फोटो होऊन गेली पाहिजे. फोनमधलं ॲप तो फोटो वाचतं, तारीख आणि रक्कम उचलतं, आणि बीडमध्ये आमचा हिशोब तपासणारे गृहस्थ तो त्यांच्या टेबलावर पाहतात. कागद आणू नका, फोटो पाठवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. पंप आणि काटे हल्ली ज्या गुळगुळीत कागदावर पावती देतात त्यावरची अक्षरं उन्हात दोन महिन्यांत उडतात, म्हणून.

काट्याची पावती या सगळ्यात वेगळी. मुरघास सुटा विकायचा असेल तर भरलेली गाडी गिऱ्हाइकाच्या गावच्या काट्यावर चढवतात, मग माल उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढवतात. दोन्ही वजनं आणि दोन्ही वेळा एकाच पावतीवर छापून येतात. वजनावरून पूर्वी गिऱ्हाइकांशी बोलाचाली झाल्या होत्या. त्यानंतर मी नियम केला की काट्यावरच दोघांनी आपापल्या फोनमध्ये पावतीचा फोटो काढायचा, आमच्या माणसानेही आणि घेणाऱ्यानेही. वाद थांबले. हा नियम गिऱ्हाइकांना आवडला, दिराला नाही. तो पावत्या गाडीच्या पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवणाऱ्या झडपेमागे खोचून ठेवायचा आणि आठवड्याने बॉनेटवर मांडून सगळ्यांचे फोटो एका दमात काढायचा. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीच्या कोपऱ्यावर चुन्याची डबी ठेवायचा.

मंगळवारी पोलीस गेल्यावर त्याने झडपेमागून ती पावती काढून काउंटरवर ठेवली. मी ती वाचली. गाडीचा नंबर आमचा होता. रिकाम्या वजनाची वेळ पावणेसातच्या आसपासची होती. धडक साडेसहाला झाल्याचं पोलीस म्हणत होते, आणि नांदूरघाटहून तिथवर यायला भरधाव गाडीलाही अर्ध्या तासाच्या वर लागतो. माझा फोन मागे घरात चार्जिंगला होता. फोन आणि गाडीची कागदपत्रं आणायला मी आत गेले. विम्याचा कागद पटकन सापडला नाही. परत आले तेव्हा काउंटरवर पावती नव्हती.

"दादा घेऊन गेले," दीर म्हणाला. "म्हणले, नीट करून आणतो."

दादा म्हणजे माझे सासरे; आमच्याकडे सून सासऱ्यांना मामा म्हणते. महत्त्वाचा कागद हाती आला की तो लॅमिनेशन करून आणायचा, ही मामांची रीत. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान, सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला, हे सगळं त्यांच्या लोखंडी पेटीत प्लास्टिकमध्ये बंद आहे. गावात त्यांच्या वयाच्या पुष्कळ माणसांची हीच रीत आहे. उंदीर, वाळवी, घाम आणि सरकारी कचेऱ्यांमधली माणसं यांच्या हातून कागद वाचवायचा तर दुसरा उपाय त्यांना माहीत नाही.

लॅमिनेशनचं दुकान एसटी स्टँडवर आहे, मी तिकडे निघाले. अर्ध्या वाटेत मामा समोरून येताना दिसले. त्यांच्या हातात प्लास्टिकचा एक चकचकीत तुकडा होता आणि तुकड्याच्या मधोमध काळा चौकोन होता. दुकानात आल्यावर त्यांनी तो तुकडा काउंटरवर ठेवला.

"हे काय हाय?" दिराने विचारलं.

"पावती."

"कशाची?"

"काट्याची. ठाण्यात धा हातांत फिरंल, फाटंल, म्हणून लॅमिनेशनला दिली. मशीनमधून निघाली तर अशी निघाली. झेरॉक्सवाला म्हणतो, बाबा, ह्या कागदाला गरमी चालत न्हाई. म्हणलं, मग आधी कावून सांगितलं न्हाई? तर म्हणतो, तुमी उलटी घालून दिली, मला वाटलं कसली चिठ्ठी हाय." मग ते म्हणाले, "पैसे घेतले न्हाई त्यानं."

दिराने तुकडा उचलून उन्हात धरला. मग मोबाईलच्या उजेडात मागून पुढून फिरवला. मी कात्रीने प्लास्टिकची कड कापून कागद मोकळा करून पाहिला. त्या कागदावर शाई नसते. गरम झालेला भाग काळा पडतो, तेच अक्षर. आता सगळा कागद गरम झाला होता. काळ्यावर काळं वाचायला काही उरलेलं नव्हतं.

"दादा," दीर वडिलांना म्हणाला, "एक काम करा. उद्या मला बेड्या पडल्या का त्याबी लॅमिनेशन करून आणा. पेटीत ठेवा."

मामा बाहेरच्या पोत्यावर जाऊन बसले.

मी ॲप उघडलं. दिराच्या नावापुढे शेवटची नोंद शनिवारची होती. मी त्याचा फोन घेतला आणि गॅलरी पाहिली. सोमवारच्या एकाही पावतीचा फोटो नव्हता. काट्याच्याही नव्हता.

"काढला नाहीस?" मी विचारलं.

"त्यांनी काढला की, गिऱ्हाइकानं. नांदूरघाटच्या. त्यांनी त्यांच्या मोबाईलमधी काढला, मी म्हणलं आता आपण कशाला काढायचा, शनवारी समदे एकदम काढू."

"त्यांना फोन लाव."

फोन वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला तेव्हा बंद लागला. त्या गिऱ्हाइकाला दीर मानाने दाजी म्हणतो; त्याने व्हॉट्सॲपवर निरोप टाकला: दाजी, कालच्या पावतीचा फोटो पाठवा, अर्जंट. त्यापुढे एकच खूण उमटली.

दुपारी तो गाडी घेऊन ठाण्यात गेला. मी दुकानात थांबले. गिऱ्हाईक नव्हतं. त्या वेळात मी एक गोष्ट केली, जी तेव्हा कुणाला सांगितली नाही. ॲपमध्ये जाऊन गेल्या दोन महिन्यांतले त्याने बॉनेटवर मांडून काढलेले सगळे फोटो एक एक करून मोठे केले. आकडे पाहत नव्हते, फोटोंच्या कडा पाहत होते. बंपर किंवा डावा दिवा कोपऱ्यात कुठे आला असेल, आणि सोमवारच्या आधीच्या एखाद्या फोटोत तो फुटलेला दिसला असता, तर त्याचं ट्रॉलीचं सांगणं खरं ठरलं असतं. कडांवर चुन्याची डबी होती. त्याचा अंगठा होता. एका फोटोत शेळीचा कान होता, एकात माझ्याच ओढणीचा काठ. बॉनेटचा पांढरा पत्रा सगळीकडे होता. बंपर एकाही फोटोत नव्हता.

बंपर आठ दिवसांपूर्वी दबलेला मी पाहिला होता का, हे मला आठवत नव्हतं. पावती मी वाचली होती. पण गिऱ्हाईक सोडलं तर ती फक्त आम्ही तिघांनी पाहिली होती, आणि आम्ही तिघं एकाच घरातले होतो. दुपार टळली तसं मला असंही वाटू लागलं की पावतीवरची वेळ मी नीट वाचली होती की मला हवी तशी वाचली होती. मी ती वेळ एका कागदावर लिहायला घेतली आणि शेवटच्या आकड्याशी थांबले. तो आठवत नव्हता.

उन्हं उतरताना दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, काही माणसं येऊन उभी राहिली. चार पुरुष, दोन बाया. खांद्यावर घोंगड्या, हातात काठ्या. मेंढपाळाच्या वाड्यावरची, म्हणजे मेंढरांच्या तळावरची, माणसं होती. पिकअप जिथे उभी असते त्या मोकळ्या जागेकडे ती पाहत होती. कुणी ओरडलं नाही. त्यांच्यातला एक म्हातारा रस्ता ओलांडून आला.

"पाणी हाय का, बाई?"

मी तांब्या भरून दिला. पिऊन झाल्यावर त्याने तांब्या काउंटरवर पालथा ठेवला.

"गाडी कुठं हाय तुमची?"

"ठाण्यात आहे."

"आणि पोरगं?"

"तोपण ठाण्यात."

"बरं," तो म्हणाला. "मग तिथंच जातो आमी."

मामा पोत्यावरून उठून उभे राहिले होते. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी म्हाताऱ्याकडे. दोघे एकमेकांना ओळखत होते. उन्हाळ्यात त्यांची मेंढरं खतासाठी आमच्या रानात बसायची. म्हातारा रस्ता ओलांडून परत गेला.

दीर उशिरा घरी आला. गाडी ठाण्यात ठेवून घेतली होती. सकाळी पुन्हा हजर राहायला सांगितलं होतं. तो जेवला नाही. हवालदारांनी नांदूरघाटच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं केलं होतं, असं त्याने सांगितलं.

"काय म्हणाले ते?"

"म्हणले, गाडी आलती. पण किती वाजता ते सांगता येनार न्हाई. म्हणले, अंधार पडला होता का न्हाई ते बी आठवत न्हाई." त्याने माझ्याकडे पाहिलं. "वैनी, त्यांच्याच बल्बखाली माल उतरवला मी. चहा पाजला त्यांनी मला."

"फोटोचं विचारलं का?"

"हवालदारानं इचारलं. म्हणले, माझ्या मोबाईलमधी तसलं काई न्हाई."

गिऱ्हाईक त्याला का टाळत असेल, याचं एक कारण माझ्या डोक्यात आलं होतं: फोटोवर वेळ वेगळी असेल. दिराच्या डोळ्यांकडे पाहून मला काही ठरवता आलं नाही. त्याने पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला, पुन्हा उचलला. घाबरलेला माणूस तसंच करतो, आणि खोटं बोलणाराही.

बुधवारी सकाळी दीर ठाण्यात गेला. मामा आणि मी काळीपिवळी जीपमधून नांदूरघाटला गेलो. आधी काट्यावर गेलो. काट्याच्या खोलीत वजन दाखवणारा एक डबा आणि त्याला जोडलेला छोटा प्रिंटर होता. कम्प्युटर नव्हता.

"जुन्या पावत्या ह्याच्यात राहतात का?" मी विचारलं.

"शेवटच्या थोड्या राहतात, ताई. नवी आली का जुनी जाते. काल उसाच्या गाड्या चालू होत्या. परवाचं आता काय राहतंय."

"पांढरी पिकअप आठवते? मुरघासाची."

"पांढरी पिकअप तर दर दोन गाड्यांमागं एक येते." तो हसला. मग मामांकडे पाहून त्याचं हसणं थांबलं. "पोलीस बी इचारून गेले. मी खोटं कशाला बोलू."

गिऱ्हाइकाचं घर गावाबाहेर, गोठ्याला लागून. दहा-बारा गाई. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा त्याची बायको शेण काढत होती.

"ते मळ्यात गेलेत," ती म्हणाली.

घराच्या दारात त्याच्या चपला होत्या. मामांनी त्या पाहिल्या. मीही पाहिल्या. तिने आमच्या नजरा पाहिल्या आणि हातातलं घमेलं खाली ठेवलं.

मामा म्हणाले, "माय, आमी भांडायला न्हाई आलो. परवाच्या पावतीचा फोटो तेवढा बघायचा हाय. त्याच्यावर जो टाइम असंल तो असंल. पोरानं केलं असंल तर आमी त्याला घेऊन ठाण्यात बसतो. केलं नसंल तर त्याला सोडवा."

हे ते घरी कुणाशी बोलले नव्हते. त्यांनाही तेच वाटत होतं जे मला वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं.

तिने शेणाचे हात बादलीत धुतले. मग म्हणाली, "दवाखान्यात हाय तो माझा मावसभाऊ हाय."

आतून तिचा नवरा बाहेर आला. पन्नाशीचा, अंगात बनियन. तो आमच्याकडे न पाहता बोलायला लागला. "मंगळवारी सकाळीच हिच्या माहेरचे फोन आले. म्हणले, चारा वाहनारी पांढरी पिकअप, तुमच्याकडं बी येती तीच. मी म्हणलं, असंल. नंतर ठाण्यातनं फोन आला. मग मी काय सांगू? मी सांगितलं गाडी माझ्या दारात होती, तर उद्या हिचं माहेर मला म्हननार, चाऱ्यासाठी इमान इकलं. मला पंचवीस वर्सं झाली ह्या सोयऱ्यांत."

"फोटो हाय का?" मामांनी विचारलं.

त्याचा हात बनियनवर, पोटाशी गेला.

"हाय," त्याची बायको म्हणाली.

"तू गप बस."

"कावून गप बसू? मी बघितलाय टाइम. तुमी बी बघितलाय. काल रातभर मोबाईल उशाला घेऊन झोपला न्हाई तुमी." ती आमच्याकडे वळली. "पुसून टाकतो म्हणत होते. मी म्हणलं, पुसाल तर बघा."

"अगं, तुझाच भाऊ हाय ना त्यो."

"माझाच हाय म्हणून म्हणते. ह्या पोराला धरून बसले तर ज्यानं मारलं त्यो सुटंल की. मग माझ्या भावाला काय मिळालं?"

तो पायरीवर बसला. मग त्याने बनियनच्या आतून, पोटाशी खोचलेला फोन काढला. स्क्रीनला तडा गेलेला होता. त्याने फोटो उघडून फोन बायकोच्या हातात दिला, तिने माझ्या हातात.

पावती तळहातावर धरलेली होती. हाताला मुरघासाचा भुगा लागलेला होता. मागे काट्याच्या लोखंडी पत्र्याची कड होती. मी आधी गाडीचा नंबर वाचला, एक एक आकडा. मग तारीख. मग भरलेल्या वजनाची वेळ. रिकाम्या वजनाच्या वेळेपर्यंत यायला मला थोडा वेळ लागला. सहा वाजून चव्वेचाळीस मिनिटं.

मी ती वेळ मोठ्याने वाचली. मामांनी फाटकाचा खांब धरला.

"हा फोटो मला पाठवून द्या," मी म्हणाले.

त्याने पाठवला. मी तिथूनच तो हवालदारांना पाठवला आणि फोन लावला. ते म्हणाले, "ताई, पाठवलेला फोटो काय कामाचा. आजकाल कुणी बी काय बी बनवतंय. ज्या मोबाईलमधी काढला त्यो मोबाईल लागंल, आणि ज्यानं काढला त्यो माणूस. आणि लवकर या. इथं गेटवर लोक जमलेत. साहेब म्हणतात, आज अटक दाखवू."

मी हे गिऱ्हाइकाला सांगितलं. तो पायरीवरून उठला नाही. "मोबाईल जमा करतील?"

"करतील."

"दुधाचा समदा हिशोब त्याच्यात हाय. सोसायटीचे मेसेज त्याच्यातच येतात."

त्याची बायको आत जाऊन त्याचा सदरा घेऊन आली. तिने स्वतःही लुगडं बदललं होतं.

"तू कशाला?" तो म्हणाला.

"तुमी एकटे गेलात तर गेटवरूनच माघारी याल."

ठाण्यापर्यंत आम्ही चौघं एका रिक्षात होतो. गिऱ्हाइकाने फोन दोन्ही हातांत धरला होता. मला वाटेत प्रत्येक गतिरोधकाला भीती वाटत होती की फोन पडेल, किंवा बंद पडेल, किंवा तो मधेच उतरतो म्हणेल. चार्जिंग किती आहे हे विचारावं असं वाटलं, पण विचारलं नाही. रिक्षा वळणाला हळू झाली की तो दांडी धरायचा, आणि मी त्याच्या त्या हाताकडे पाहायचे.

ठाण्याच्या फाटकाशी, आदल्या दिवशी आमच्या दुकानासमोर होती त्यापेक्षा जास्त माणसं होती. कालचा म्हातारा पुढे होता. गिऱ्हाईक उतरला तशी माणसं सरकली, त्याला जागा करून द्यायला. तो आपल्या बाजूने आला आहे असं त्यांना वाटलं असावं. मग त्याच्यामागून मामा उतरले आणि मी उतरले.

"दाजी," एक तरुण म्हणाला, "तुमी ह्यांच्यासंगं?"

गिऱ्हाइकाने मान खाली घातली आणि चालत राहिला. त्याच्या बायकोने पदर डोक्यावर ओढला आणि त्या तरुणासमोर थांबली.

"कोणासंगं न्हाई," ती म्हणाली. "टाइम दाखवायला आलोत. तुला बघायचा असंल तर आत ये."

तो आत आला नाही. आम्ही आत जाईपर्यंत पाठीमागे एकही आवाज नव्हता, आणि आवाज येईल या भीतीने मी मागे पाहिलं नाही.

आत दीर बाकावर बसला होता. गिऱ्हाइकाला पाहून तो उभा राहिला. हवालदारांनी फोन घेतला, फोटो उघडला, फोटोचा तपशील उघडला, म्हणजे फोनने तो कधी टिपला ती नोंद. ती पावतीवरच्या वेळेच्या दोन मिनिटं पुढची होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि साहेबांच्या खोलीत गेले. आम्ही बाहेर थांबलो. दीर गिऱ्हाइकाला म्हणाला, "दाजी, बसा की." तो बसला नाही.

गिऱ्हाइकाचा जबाब लिहून घेतला गेला. वेळ, ठिकाण, बल्ब, चहा, सगळं त्याने सांगितलं. फोन पंचनामा करून जमा केला. पंच म्हणून समोरच्या हॉटेलातल्या दोघांना बोलावलं. सही करताना त्याने विचारलं, मोबाईल कवा मिळंल. हवालदार म्हणाले, कोर्टात अर्ज करावा लागंल.

दिराला संध्याकाळी सोडलं. अटक दाखवली नाही. ठाण्याच्या मागच्या दाराने आम्हाला बाहेर काढलं. गिऱ्हाईक आणि त्याची बायको पुढच्या फाटकाने गेले, कारण तिने तसंच जायचं म्हटलं.

दिराच्या फोनचं लोकेशन नंतर कंपनीकडून आलं. त्या वेळी त्याचा फोन नांदूरघाटच्या टॉवरखाली होता. आमच्या गाडीचा पुढचा भाग तपासला गेला. त्यावर रक्त किंवा लोकर आढळली नाही, असं हवालदारांनी सांगितलं. गाडी परत मिळाली. दीर आता पावतीचा फोटो काट्यावरच काढतो आणि आम्हा दोघांना पाठवतो, एक माझ्या फोनवर, एक त्याच्या भावाच्या. महामार्गावर अंधार पडल्यावर तो गाडी चालवत नाही. मेंढरं यंदा आमच्या रानात बसायला आली नाहीत. नांदूरघाटच्या त्या घराने मुरघास घेणं बंद केलं. त्यांच्याकडून कारण कळलेलं नाही.

मेंढपाळ काही दिवसांनी शुद्धीवर आला. त्याला आता घरी आणलं आहे. धडक देणाऱ्या गाडीबद्दल त्याला काही आठवत नाही, असं त्याने जबाबात सांगितलं आहे. गुन्हा अज्ञात चालकाविरुद्ध नोंदलेला आहे. उंच जाळीची ती पांढरी पिकअप हे लिहीपर्यंत सापडलेली नाही.